बुकर गेला होता त्या—

“‘बुकर गेला होता त्या—’ त्या कुठे?” मिस्टर टेटनं विचारलं.

टेट हा साबणाच्या कंपनीचा माणूस. टेलिव्हिजनवरचा कार्यक्रम त्या कंपनीच्या जिवावर चालायचा, म्हणून तालमीच्या खोलीतली एकुलती एक बरी खुर्ची त्याची, पंखा त्याच्याकडे वळवलेला, आणि हातात पेन्सिल. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे. अल्फियस क्रेनशॉ आणि मी, होझिया पेटवे. बावीस वर्षं एकाच तंबूत, एकाच रंगमंचावर आणि थंडीत कितीदा तरी एकाच घोंगडीत काढलेले दोन काळे विनोदी नट. चार वर्षांपूर्वी मी हा धंदा सोडून लॉस एंजेलिसला, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर न्हाव्याचं दुकान टाकलं होतं. अल्फी टेलिव्हिजनवर गेला होता. आता त्यांना आमचा जोडीचा जुना खेळ हवा होता, म्हणून मीही आलो होतो.

“ते तसंच आहे साहेब,” अल्फी म्हणाला. “हा मला पुढं बोलूच देत नाही ना.”

“पण तुला म्हणायचं काय असतं?”

“ते मला तरी कुठं कळलंय, साहेब? यानं एकदा जरी पुरं बोलू दिलं असतं तरी कळलं असतं!”

मी टेटच्या तोंडाकडे बघत होतो. हे उत्तर आमच्या ठेवणीतलं होतं. मिसिसिपीतल्या एका गावात खेळ संपल्यावर शेरीफ, म्हणजे तिथला गोरा पोलीसप्रमुख, आमच्या तंबूमागे आला होता. पट्ट्यात अंगठे खोचून त्यानं हाच प्रश्न विचारला होता. अल्फीनं त्याला हेच उत्तर दिलं, शेरीफ पोट धरधरून हसला आणि अल्फीच्या टाळक्यावर टपली मारून निघून गेला. त्या रात्री आम्ही जिवंत राहिलो ते या एका उत्तरावर.

टेट हसला नाही. त्यानं कागदावर एक रेघ ओढली.

“दक्षिणेत आमची बरीच स्टेशनं आहेत,” तो म्हणाला. “ही दोन माणसं कशाबद्दल बोलतायत हे बघणाऱ्याला कळायला हवं. सगळी वाक्यं पूर्ण करून लिहून द्या. जमत नसेल तर आमचे लेखक लिहितील.”

म्हणजे बघा, शेरीफ परवडला.

आमच्या त्या खेळाला आम्ही ‘अर्धं बोलणं’ म्हणायचो. दोघं रस्त्यात भेटतात, गप्पा मारतात, आणि एकही वाक्य पुरं होत नाही. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला पुढचं कळलेलं असतं.

“परवा मला तो भेटला, तो रे—”

“तो? तो तर गेला होता ना त्या—”

“आला परत. पण त्याची बायको म्हणते—”

“तिचं काय ऐकतोस! ती स्वतःच मागच्या वर्षी त्या—”

“त्याच्याबरोबर? अरे, मला वाटलं ती—”

“बहीण तिची!”

कागदावर यात काही नाही. रंगमंचावर लोक खुर्चीतून खाली पडायचे. कारण ते बोलणं त्यांचं रोजचंच होतं. आमच्या लोकांनी गोऱ्या कानांसमोर पुरं वाक्य बोलायचं नसतं, हे पोराला चालायच्या आधी शिकवलं जायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. अर्धं बोलायचं, उरलेलं आपल्या माणसाला आपोआप कळतं. खाली बसलेले गोरे हसायचे ते वेगळ्या कारणानं. त्यांना वाटायचं, काय दोन येडी आहेत, एक वाक्य धड बोलता येत नाही! हसोत बापडे. हसतील त्यांचे दात दिसतील.

आणि त्या खेळाच्या शेवटी बुकर यायचा.

बुकर हा अल्फीचा धाकटा भाऊ. आमच्या तंबूत बॅन्जो वाजवायचा. एकोणीस वर्षांचा होता, अंगानं काटकुळा, आणि जोडे मात्र दोन माप मोठे. एका गावात त्यानं बॅन्जोच्या तारा विकत घेतल्या. त्या जुन्या निघाल्या, तेव्हा तो दुकानात परत गेला आणि म्हणाला, “या तारा वापरलेल्या आहेत, आणि तुम्हाला ते माहीत होतं.” पुरं वाक्य. सबंध आयुष्यात त्यानं गोऱ्या माणसाशी बोललेलं एकुलतं एक पुरं वाक्य. दोन दिवसांनी कुणीतरी आमच्या तंबूच्या दोरीला त्याचा जोडा बांधून गेलं. एक. बाकी बुकर आम्हाला कधी मिळाला नाही.

सहा महिन्यांनी, मेम्फिसच्या रंगमंचावर, मला काही न सांगता अल्फी मध्येच म्हणाला, “बुकर गेला होता त्या—”

माझं काळीज थांबलं. पण तोंड थांबलं नाही, ते धंद्याला सरावलेलं होतं. “तिथं? एकटा?”

“गेला एकटाच. पण तिथं होते—”

“किती?”

“मोजायला कोण थांबलं! मग त्यांनी घरी पाठवला त्याचा—”

“दोन्ही?”

“छे. एकच.”

वरच्या सज्जात आमचे लोक बसायचे. तिथं आधी हशा आला, मग एकदम शांतता, आणि मग पुन्हा असा हशा आला की तसा मी पुढं कधी ऐकला नाही. त्या हशात बायका रडत होत्या. बुकरला थडगं नाही, कुणी पाळक त्याच्यासाठी बोलला नाही. वीस वर्षं गावोगाव आम्ही त्याच्यासाठी जे काही केलं ते हेच सात-आठ तुकडे.

दुसऱ्या दिवशी लेखकांचा कागद आला. मी तो दुकानात, गिऱ्हाईक खुर्चीत असताना वाचला. “बुकर गेला होता मासे धरायला,” असं अल्फीनं म्हणायचं होतं, “आणि पडला झोपून कलिंगडाच्या मळ्यात! ऊठ म्हटलं तर म्हणतो, आधी जेवण.” यावर मी म्हणायचं होतं, “बुकर तो बुकरच!”

काळा माणूस म्हणजे आळशी आणि कलिंगडाचा हावरा, ही गोऱ्यांची जुनी थट्टा. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात वस्तरा होता, तो आधी खाली ठेवला.

संध्याकाळी अल्फी आला. दुकान बंद करून मी शटर ओढलं आणि तो कागद त्याच्या छातीवर आपटला.

“हे बोलणार आहेस तू?”

“आधी बस,” अल्फी म्हणाला.

“मी उभाच बरा. तुझा भाऊ होता तो, अल्फी. माझा नव्हे.”

“आठवण करून देतोयस मला?”

“कुणीतरी द्यायला नको? टेलिव्हिजनवर गेल्यापासून तुला काय काय आठवतं कोण जाणे! हातात झाडू देतात, जास्पर काका म्हणतात, डोळे फिरव म्हटलं की फिरवतोस.”

अल्फीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्या कपाळावर, केसांच्या कडेला अजून काळा रंग राहिला होता. तंबूत असताना आम्ही बुचाचा कोळसा तोंडाला फासायचो. काळ्या माणसानं तोंड काळं करून यायचं, तरच गोऱ्यांना तो काळा वाटायचा. त्यानं अल्फीच्या गालांची सालटी निघायची. टेलिव्हिजनवर गेल्यावर ते सुटेल असं त्याला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी रंगवाल्यानं त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाला, कॅमेऱ्यात हा पुरेसा काळा दिसत नाही.

“होझी,” तो म्हणाला, “तेवीस भागांत माझ्या तोंडी काय वाक्यं असतात, ठाऊक आहे? ‘हो साहेब.’ ‘आत्ता आणतो बाई.’ पहिल्यांदा त्यांनी आपला खेळ मागितला. आपला. देशभर दिसणार. आपली माणसं ज्या ज्या घरात टेलिव्हिजन असेल तिथं गोळा होऊन बघतील. आमच्या ऑर्लीननं तिच्या बहिणीला ओहायोत कळवलंय. मी नाही म्हटलं तर ते दुसरी दोन माणसं उभी करतील, आणि कलिंगड तर कलिंगडच राहील.”

“मग त्यांना बोलू दे. तुझ्या तोंडून नको.”

“तू नसशील तर मी करणार नाही.”

“म्हणजे पाप माझ्याही माथी हवं तुला.”

“ऐनवेळी काय ते बघू,” अल्फी म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, “तू फक्त माझ्या तोंडाकडे बघ, होझी. नेहमी बघतोस तसं.”

हे मी कानांनी ऐकलं. पण रागानं माणूस बहिरा होतो म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं, हा मला गोड बोलून वळवतोय. मी होकार दिला, आणि तेव्हाच मनाशी ठरवलं की कागदावर लिहिलंय त्यात एका अक्षराचीही मदत याला करायची नाही. कलिंगड याला हवंय ना, तर ते यानं स्वतःच्या दातांनी फोडावं. मी मध्ये पडणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम थेट दिसायचा. एकदा तोंडातून गेलं की गेलं, परत घेता यायचं नाही. समोर बाकांवर दोनशे माणसं बसवली होती, सगळी गोरी. रंगवाल्यानं मलाही काळं केलं. अल्फीच्या हातात झाडू होता, माझ्या हातात टोपी. टेट काचेच्या खोलीत बसला होता.

सुरुवात बरी गेली. पूर्ण वाक्यांतला तो खेळ म्हणजे पाय बांधून नाचणं होतं, पण अल्फी अल्फीच होता. त्याची मान, त्याचे खांदे, झाडूवर रेलायची त्याची तऱ्हा. लोक हसत होते. मी कागदावरचं एकेक वाक्य संपायची वाट बघायचो आणि माझं म्हणायचो.

मग अल्फी म्हणाला, “बुकर गेला होता त्या—”

आणि थांबला.

कागदावर ‘त्या’ नव्हतं. कागदावर ‘मासे धरायला’ होतं.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बावीस वर्षं मी ते डोळे वाचत आलो होतो. मला सगळं कळलं. दुकानात तो काय म्हणाला तेही त्या क्षणी कळलं. तो मला माझी जागा देत होता. मी फक्त “तिथं? एकटा?” म्हणायचं होतं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं. बुकर देशभर गेला असता, जसा होता तसा, आणि काचेच्या खोलीतल्या त्या माणसाला पेन्सिल आपटण्यापलीकडे काही करता आलं नसतं. शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते.

मी ते गिळले.

का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भीती वाटली असं म्हणालो असतो तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण भीती नव्हती. राग होता. तूच आणलंस ना इथवर, आता तूच निस्तर. एवढंच माझ्या डोक्यात होतं. ज्यांच्यावर रागवायचं ते काचेआड बसले होते, आणि मी सूड उगवला तो माझ्या जोडीदारावर.

एक. दोन. तीन. कॅमेऱ्याशेजारचा माणूस हात गरागरा फिरवायला लागला. अल्फी अजून माझ्याकडे बघत होता. चौथ्या क्षणी त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं. त्यानं झाडू दुसऱ्या हातात घेतला, डोळे फिरवले आणि म्हणाला, “मासे धरायला! आणि पडला झोपून कलिंगडाच्या मळ्यात. ऊठ म्हटलं तर म्हणतो, आधी जेवण!”

दोनशे माणसं खो खो हसली.

“बुकर तो बुकरच,” मी म्हणालो.

कार्यक्रम संपल्यावर तो आरशासमोर बसून टॉवेलनं तोंड पुसत होता. मी दारात उभा राहिलो. तो शिव्या देईल, अंगावर येईल असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“कार्यक्रम चांगला झाला, होझिया,” तो आरशातूनच म्हणाला. “तुला घरी सोडायला गाडी मिळते का, ते मी विचारून येतो.”

होझिया. इतक्या वर्षांत त्यानं मला या नावानं हाक मारली नव्हती. आणि दोन्ही वाक्यं पुरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा गेन्स दाढीला आला. मेम्फिसच्या त्या थिएटरात वरच्या सज्जाच्या दारावर तिकिटं फाडायचं काम तो करायचा. बुकरचे तुकडे पहिल्यांदा बोलले गेले तेव्हा तो तिथं उभा होता. मी साबण लावला, एक गाल केला. तेवढ्यात तो छताकडे बघत म्हणाला, “काल झोपवलंत म्हणे त्या पोराला. दोघांनी मिळून.”

“गेन्सकाका, ते लेखकांनी—”

“लेखकांनी काय? बोल की. आता तुम्हाला पुरं बोलायची सवय झालीय ना?”

तो उठला. त्यानं माझ्याच फडक्यानं उरलेल्या गालाचा फेस पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर चालता झाला. दुकानात सहा माणसं होती. सगळ्यांनी ते पाहिलं.

जास्पर काकाचा तो कार्यक्रम अकरा वर्षं चालला. अल्फीचं नाव झालं. रस्त्यात पोरं त्याच्यामागे डोळे फिरवत पळायची. आमच्यातलेच शिकलेले लोक वर्तमानपत्रात लिहायचे की हा माणूस म्हणजे समाजाला लागलेला डाग आहे, आणि तेच लोक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे. ‘अर्धं बोलणं’ त्यानं पुन्हा कधी केलं नाही. कुणी मागितलं तर म्हणायचा, विसरलो.

दर दुसऱ्या शनिवारी तो माझ्याकडे केस कापायला यायचा. एकदाही चुकला नाही. माझ्याच खुर्चीत बसायचा आणि माझ्याशी पुऱ्या वाक्यांत बोलायचा.

“आज हवा बरी आहे, होझिया.”

“हो ना. कालपेक्षा तर—”

“कालपेक्षा आज उकाडा कमी आहे,” असं म्हणून तो माझंही वाक्य पुरं करून टाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मी मध्ये तोडायला गेलो तर थांबायचा. माझं बोलून होईपर्यंत शांतपणे वाट बघायचा, आणि मग स्वतःचं वाक्य पहिल्यापासून सुरू करून पूर्णविरामापर्यंत न्यायचा. अकरा वर्षं. तुरुंगात टाकलेल्या माणसाला निदान सुटकेची तारीख तरी सांगतात. मला वाटायचं, वस्तरा खाली ठेवावा आणि म्हणावं, मार मला एकदाचं. पण ते म्हणायलाही पुरं वाक्य लागलं असतं, आणि माझ्याकडे नेमकं तेच नव्हतं.

मग एका मार्चमध्ये ऑर्लीनचा फोन आला. ऑर्लीन म्हणजे अल्फीची बायको. तंबूच्या दिवसांत ती आमच्यात नाचायची.

“होझीभाऊ, त्याची उजवी बाजू गेलीय,” ती म्हणाली. “बोलतो, पण अर्ध्यावर थांबतो. काय म्हणायचंय तेच कळत नाही. मला येऊन जरा सांग.”

मी टोपी उचलली आणि निघालो. गिऱ्हाईक खुर्चीतच होतं.

दवाखान्यात तो खाटेच्या कडेला बसवलेला होता. अर्धं तोंड खाली ओघळलेलं. शेजारी बोलायला शिकवणारी बाई होती, मिस कीटिंग. वयानं लहान, गोरी, स्वभावानं खरंच चांगली. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

“तुम्ही मित्र का यांचे?” तिनं मला विचारलं. “बसा ना. फक्त एक करा, मध्ये बोलू नका. शब्द सापडायला यांना वेळ लागतो. त्यांना स्वतःच वाक्य पूर्ण करू द्या. त्यांच्यासाठी तेच चांगलं आहे.”

मला हसू आलं आणि संतापही आला. जन्मभर आमच्यासमोर कुणी ना कुणी पेन्सिल घेऊन बसलेलंच आहे.

अल्फीनं मला पाहिलं. बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले. मिस कीटिंगनं मान हलवून त्याला धीर दिला. मग त्याच्या तोंडून शब्द आले, चिखलातून पाय उपसावा तसे एकेक.

“बु… बुकर. गेला होता. त्या—”

आणि तो थांबला.

“छान!” मिस कीटिंग म्हणाली. “कुठे गेला होता बुकर? सावकाश. पूर्ण करा, मिस्टर क्रेनशॉ.”

ती वाट बघत होती. खिडकीशी ऑर्लीन तोंडावर हात धरून उभी होती. अल्फी माझ्या तोंडाकडे बघत होता. एक. दोन. दुखण्यानं त्याचा शब्द अडला होता की तो मला माझी जागा देत होता, ते मला कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

“तिथं?” मी म्हणालो. “एकटा?”

“अहो, मध्ये बोलू नका, मी सांगितलं ना—”

“एकटाच,” अल्फी म्हणाला. “पण तिथं… होते—”

“किती?”

“कोण… थांब—” आणि पुढं त्याची जीभ वळेना. पुढची ओळ त्याचीच होती. तो ती शोधत राहिला. कपाळावर घाम आला.

मग ती मी घेतली. “मग त्यांनी घरी पाठवला त्याचा—”

अल्फीच्या तोंडाचा चांगला भाग वर गेला. “दोन्ही?” तो म्हणाला. एकदम स्वच्छ. ही ओळ माझी होती, ती त्यानं उचलली होती. म्हणजे शेवटची आता मला म्हणायची होती. वीस वर्षं ती त्यानं म्हटली होती. कशी म्हटली असेल, कोण जाणे.

“छे,” मी म्हणालो. “एकच.”

मिस कीटिंगनं पेन्सिल थांबवली होती. “कोण हा बुकर?” तिनं विचारलं. “आणि गेला कुठे होता?”

“ते मला तरी कुठं ठाऊक, बाई,” मी म्हणालो. “मी याला कधी पुरं बोलूच देत नाही.”

अल्फीनं डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. “एकदा—” तो म्हणाला.

“माहितीये,” मी म्हणालो.

 त्यानं हात काढला नाही. थोड्या वेळानं परिचारिका त्याला चाकाच्या खुर्चीतून फिरवायला न्यायला आली. त्याच्या चांगल्या पायात सपात होती, दुसरा पाय अनवाणी फरशीवर टेकलेला. त्या पायाला काही कळत नाही, राहू द्या, असं ती म्हणाली.

मी गुडघे टेकून खाटेखाली वाकलो, दुसरी सपात शोधून काढली आणि त्याच्या पायात घातली.